भातलावणीत कंबर धरली? आधी कारण बघा
आर्द्रा लागल्या की आपल्याकडे घरटी एकाची तरी कंबर धरते आणि मग सगळे म्हणतात, लावणीने दुखतंय, बाम चोळ नि झोप. बऱ्याचदा ते खरंही असतं पण दरवेळी नसतं, म्हणून दुखतंय कुठे आणि सोबत अजून काय होतंय ते आधी बघा.

सगळ्यात कॉमन म्हणजे स्नायू ताणला जाणं, उसण भरणं. मुंबईहून आलेला माणूस सवय नसताना सकाळपासून ओणवा राहतो आणि आवणाची, म्हणजे भाताच्या रोपांची, मूठ घ्यायला मागे वळतो तेव्हा पाय चिखलात रुतलेलेच असतात, सगळा पिळा कंबरेत जातो आणि तिथेच चमक भरते. मुठी आधीच हाताच्या अंतरावर टाकून घ्या आणि मधेमधे उभं राहून कंबर मागे ताणा. जांभा दगडाचा चिरा किंवा आंब्याचा क्रेट उचलताना गुडघ्यात वाका, वजन अंगाजवळ धरा, वळायचं तर पाय उचलून वळा.

उसण भरली म्हणून आठ-आठ दिवस पडून राहू नका! एखाद-दोन दिवस आराम, शेक, मग अंगणात हळूहळू चालायला लागा, बहुतेकांचं चार-सहा आठवड्यांत बरं होतं, लगेच एमआरआय लागत नाही.

कळ कुल्ल्यावरून पोटरी-पावलापर्यंत जाते, खोकल्यावर वाढते, तर मणक्यातली गादी सरकून नस दबलेली असू शकते. बरगडीखालून जांघेकडे कळा येतात, मळमळतं, तर मुतखडा असू शकतो. म्हातारं माणूस पडवीत नुसतं घसरलं तरी मणक्याचं हाड मोडू शकतं, दाखवून घ्या. आणि लघवी अडकली किंवा आपोआप होतेय, जांघेत बधिर झालंय, पायातली ताकद गेलीय तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.

पावसात मला खरी भीती वाटते ती लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची. उंदरांच्या, गुरांच्या लघवीतले जंतू मळ्याच्या पाण्यातून पायाच्या जखमेवाटे अंगात शिरतात, मग सडकून ताप, डोळे लाल, पोटऱ्या आणि कंबर ठणकते, आणि लोक लावणीचा थकवा समजून दुकानातली पेनकिलर खातात. तसं करू नका, ताप असेल तर लगेच आरोग्य केंद्रात जा आणि चिखलात काम केलंय हे डॉक्टरना आठवणीने सांगा. लावणीआधी प्रतिबंधक गोळ्या मिळतात का तेही तिथेच विचारा, पायाला जखम असेल तर ती झाकून, गमबूट घालूनच मळ्यात उतरा.