कढीपत्त्यावरची अळी: अंड्यापासून फुलपाखरापर्यंत

मुंबईत गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी असेल तर पावसाळ्यात कोवळी पालवी रोज उलटून बघा. साधारण १ मिमीचा फिकट पिवळा मणी दिसला, तर ते लिंबाळी किंवा बहुरूपी फुलपाखराचं अंडं. ते घरात वाढवायचं असेल तर अंडं पानावरून सोडवू नका, पान देठासकट खुडा. बाहेर वाढलेली मोठी अळी आणण्यापेक्षा अंडंच आणावं, कारण मोठ्या अळीत परजीवी माशीने आधीच अंडी घातलेली असू शकतात.

अळी ३-४ दिवसांत निघते. १ लिटरच्या रुंद तोंडाच्या बरणीत टिश्यू पेपर अंथरा, तोंडाला मलमल बांधा. डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत खोचून बाटलीचं तोंड कापसाने बुजवा, नाहीतर अळी खाली उतरून बुडते. बाजारचा कढीपत्ता नको, त्यावर फवारणीचा अंश असू शकतो. पानं पुसून कोरडी द्या आणि लेंड्या रोज काढा. दमट हवेत त्यांवर बुरशी धरते. एखादी अळी मऊ, काळी पडली तर लगेच वेगळी करा.

अळी ४ वेळा कात टाकते. आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पाचव्या अवस्थेत हिरवीगार होते. कात टाकताना अळ्या दगावू शकतात, आणि तेही आपल्याच हाताने. त्याआधी ती पानावर रेशमाची गादी विणते, तिच्यात पाय रोवते आणि दिवसभर हलत नाही. ती आजारी नसते. ओढून काढलीत तर जुनी कात धरून ठेवायला आधार उरत नाही, ती अंगावरच अडकते. ताजं पान शेजारी टेकवा. अळी आपणहून जाईल. डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंग काढून उग्र वास सोडला तरी घाबरू नका, ते निरुपद्रवी आहे.

पूर्ण वाढलेली अळी खाणं थांबवते, पातळ विष्ठा टाकते आणि भटकू लागते. तेव्हा बरणीत खडबडीत काडी तिरकी ठेवा. शेपटीकडे रेशमाची गाठ आणि कमरेला धागा बांधून ती कोषात जाते. कोषाखाली ८-१० सेंमी मोकळी जागा हवीच, नाहीतर पंख उलगडताना वाकडे राहतात. कोष गळून पडला तर टिश्यूवर ठेवून शेजारी खडबडीत पुठ्ठा उभा करा, फुलपाखरू त्यावर चढेल.

कोषातून पंखांची नक्षी दिसू लागली की बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाहेर येतं. दोन तास हात लावू नका. मागच्या पंखांना शेपट्या असतील तर बहुरूपी, नसतील आणि पंखांवर काळ्यावर पिवळे ठिपके असतील तर लिंबाळी. पावसाने उघडीप दिली की सोडा.