योगा हळू कसा करायचा? घरच्या घरी वीसेक मिनिटांचा सराव

सोलापुरात संभाजी तलावावर सकाळी फिरायला गेलं की ‘आज किती सूर्यनमस्कार झाले?’ हा प्रश्न हमखास ऐकू येतो, पण एक नमस्कार घालायला किती वेळ लावला हे कुणी विचारत नाही. पतंजलींनी आसन स्थिर आणि सुखाचं असावं एवढं म्हटलंय, ते किती वेळा करायचं ते नाही. म्हणून इथं आकडा सोडून द्यायचा आणि श्वासाच्या स्पीडने चालायचं.

वेळ आधी ठरवा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२-४३ च्या घरात जातो, त्यामुळं सकाळी सातच्या आत उरकलेलं बरं. पोटभर जेवण झालं असेल तर तीन-चार तास जाऊ द्या. आणि नळाला पाणी यायचा दिवस असेल तर सरळ सुट्टी घ्या, सगळं ध्यान मोटरकडं असतं, काही उपयोग होत नाही. मॅट नसली तरी चालतंय, पण शहाबादी फरशीवर नुसती चादर टाकू नका, सरकते. खाली सतरंजी घ्या, आणि सोलापुरी चादर घडी घालून बाजूला ठेवा, ती नंतर लागणार आहे.

आता मांडी घालून बसा. नाकानं श्वास घेताना मनात चार आकडे, सोडताना सहा, आणि आकडे घड्याळातल्या सेकंदाएवढे. म्हणजे मिनिटाला सहा श्वास झाले, एरवी आपण निवांत बसलेलो असताना बारा ते वीस घेतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात म्हणून सोडणं लांब ठेवायचं. दम लागल्यासारखं वाटलं तर घेताना तीन, सोडताना चार करा, ओढाताण नको. पाच मिनिटं पुरे. शेजारी यंत्रमाग चालू असेल तर खटखट चालूच राहणार, ती बंद व्हायची वाट बघत बसू नका, आवाज येतोय एवढं लक्षात घ्या आणि परत आकड्यावर या.

मग मार्जरासन, म्हणजे मांजरासारखं हात आणि गुडघे टेकून. गुडघ्याखाली चादरीची घडी. श्वास घेताना पाठ खाली आणि मान वर, सोडताना पाठीची कमान वर. सुरुवात कमरेतून करायची, मान सगळ्यात शेवटी हलली पाहिजे, बहुतेक लोक आधी मानच हलवतात. सहा-सात वेळा बास.

यानंतर सूर्यनमस्कार, आणि तो फक्त एक! बारा स्थिती, प्रत्येकीत दोन श्वास, म्हणजे एका नमस्काराला चारेक मिनिटं लागतात आणि रोज बारा घालणाऱ्यालाही घाम फुटतो. पुढं वाकताना गुडघे वाकले तरी चालेल. खरी गंमत साष्टांग नमस्कारात आहे, तिथं सगळे धपकन खाली पडतात. आधी गुडघे टेकवा, मग छाती, मग हनुवटी, आणि हे सगळं एकाच लांब उच्छ्वासात बसवा. इथं श्वास रोखायची पद्धत आहे, पण हळू सरावात रोखू नका. मध्येच तोंडानं श्वास घ्यावा लागला तर समजा की घाई झाली, तिथंच थांबा, दोन श्वास जादा घ्या आणि पुढं चला. दम असेल तर दुसऱ्या पायानं अजून एक घाला, नाहीतर ताडासनात उभं राहा.

शेवटी शवासन, आणि क्लासमध्ये सगळ्यात आधी कापलं जातं ते हेच. चादरीची गुंडाळी करून गुडघ्याखाली घ्या, कंबर लगेच सैल पडते. सात-आठ मिनिटं, टायमर लावून मोबाईल हाताला लागणार नाही असा ठेवा. आता मोजू नका, श्वास जसा येईल तसा येऊ द्या. झोप लागली तर लागू द्या की, बिघडत नाही काही. उठताना कुशीवर वळून हाताचा आधार घेऊन उठा, झटक्यात उठलं की चक्कर येऊ शकते.

बीपी जास्त असेल किंवा काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणाऱ्या स्थिती वगळा, नुसता श्वास, मार्जरासन आणि शवासन करा, मार्जरासनात मानही खाली सोडू नका. गरोदर बायकांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच.