स्विच २ घ्यायचा की जुनाच वापरायचा?
निन्टेंडोचा जुना स्विच, म्हणजे हातात धरून खेळायचा गेम कन्सोल, असेल तर आधी तो तपासा. बोट न लावता गेममधलं पात्र एका बाजूला सरकत राहतं? मग दोष जॉयस्टिकचा, तेवढीच बदलून घ्या. बॅटरीसाठी नवा घेणार असाल तर थांबा. जुन्या स्विचचं ओएलईडी मॉडेल साधारण ४.५ ते ९ तास चालतं, स्विच २ मात्र २ ते ६.५ तास, हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापूरहून पुणं गाठायलाच चारेक तास लागतात! शिवाय स्विच २मध्ये गेमसाठी जादा जागा हवी असेल तर मायक्रोएसडी एक्स्प्रेस हे वेगवान मेमरी कार्डच लागतं, साधं चालत नाही, तो खर्चही धरा. फक्त नव्यावरच चालणारे दोन-तीन गेम मनापासून खेळायचे असतील, तर खुशाल घ्या. जुने बहुतेक गेम त्यावर चालतातच. आणि सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी कुठलाच खेळू नका. वापराची मर्यादा ३५ अंशांची आहे.