एका दिवसासाठी लेखनिक व्हायचंय? मग हे वाचून जा

परीक्षांचा मोसम आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप हमखास फिरतो. ‘अंध विद्यार्थ्यासाठी लेखनिक हवा. टीवाय बीए, राज्यशास्त्र. परवा सकाळी साडेदहा. अर्जंट.’ लेखनिक म्हणजे परीक्षेत प्रश्न वाचून दाखवणारा आणि विद्यार्थी तोंडी सांगेल ते उत्तर लिहून देणारा माणूस. आपण निरोप वाचतो, हळहळतो आणि आणखी तीन ग्रुपवर ढकलून देतो. त्या निरोपाला ‘मी येते’ किंवा ‘मी येतो’ असं उत्तर द्यायचं असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

समाजासाठी एक दिवस द्यायचा म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते फळवाटप, वृक्षारोपण, नदीकाठची सफाई. ती कामंही हवीतच. पण तीस जणांतला एक आला नाही म्हणून तिथे काही अडत नाही. लेखनिक आला नाही तर एका माणसाचा पेपर बुडतो.

आधी आपण चालतो का ते बघा

दहावीच्या विद्यार्थ्याला लेखनिक लागतो नववीतला किंवा त्याखालचा, बारावीच्याला अकरावीतला. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच तत्त्व होतं: परीक्षार्थी स्वतःचा लेखनिक आणणार असेल, तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी हवं. त्यामुळे उत्साहानं फोन करणारे एमए आणि इंजिनिअर लोक बऱ्याचदा दारातच बाद होतात. लेखनिक त्याच विषयाचा नसावा, अशीही अट काही ठिकाणी असते. काही स्पर्धा परीक्षांत तर परीक्षा घेणारी संस्थाच आपला लेखनिक देते. नियम परीक्षेगणिक वेगळे आणि वरचेवर बदलणारे, तेव्हा विद्यार्थ्याला आलेलं सूचनापत्रक मागवून स्वतः वाचा. कुणी फोनवर ‘चालतंय हो’ म्हणालं तरी वाचाच.

शिक्षण जास्त भरलं म्हणून घरी बसायला नको. मुलगी नववीत असेल तर लेखनिक ती, आणि तिला केंद्रावर नेणारे-आणणारे तुम्ही. मी पाहिलेले सगळ्यात चांगले लेखनिक चौदा-पंधरा वर्षांचेच होते. अक्षर सुटसुटीत, आणि आपल्याला समोरच्यापेक्षा जास्त कळतं हा समज अजून झालेला नाही!

नाव कुठे द्यायचं

जवळच्या कॉलेजात दिव्यांग कक्ष आहे का ते विचारा, किंवा अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेत जा. १९५२ साली सुरू झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडच्या, म्हणजे ‘नॅब’च्या, शाखा महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये २००३ पासून दृष्टिहीनांसाठीचं केंद्र चालतं. नाव देताना चारच गोष्टी सांगा: शिक्षण किती, कोणत्या भाषेत भरभर लिहिता येतं, कोणते दिवस मोकळे, किती लांब जाता येईल. बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात, विद्यापीठांच्या साधारण दिवाळीच्या आगेमागे आणि उन्हाळ्यात.

एकदा हो म्हटलं की मग नाही म्हणायचं नाही. परवानगीच्या अर्जावर तुमचं नाव, फोटो, ओळखपत्र आणि मार्कशीट लागलेलं असतं. आदल्या रात्री ‘ऑफिसात काम निघालं’ असा मेसेज पाठवणं म्हणजे त्या मुलाला नवा माणूस आणि नवी परवानगी, दोन्ही शोधायला लावणं. अगदीच आजारी पडलात तर बदली माणूस तुम्हीच शोधा.

आदल्या दिवशीचा फोन

दहा मिनिटं बोला. अख्खी प्रश्नपत्रिका आधी वाचू की एकेक प्रश्न? सलग सांगता की तुकड्या-तुकड्यानं? विषयातली अवघड नावं आणि संज्ञा कोणत्या? समाजशास्त्राचा पेपर असेल तर ‘दुर्खीम’ हे नाव आदल्या दिवशी एकदा ऐकून, लिहून ठेवलेलं बरं. नाहीतर पेपरात तीनदा ‘काय म्हणालात?’ होतं आणि सांगणाऱ्याचा धागा तुटतो.

हाताचंही बघा. साधारणपणे तासाला २० मिनिटं वाढीव मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. गेली काही वर्षं फक्त मोबाइलवर अंगठे चालवणाऱ्यांनी आठवडाभर आधीपासून रोज दोन-तीन पानं लिहावीत. मनगट तिसऱ्या तासाला बोलायला लागतं.

केंद्रावर

तासभर आधी पोहोचा. सारख्या शाईची दोन-तीन पेनं, पाणी आणि साधं मनगटी घड्याळ घ्या.

विद्यार्थी भेटला की आधी स्वतःचं नाव सांगा. हात धरून ओढू नका, पाठीमागून ढकलू नका. आपलं कोपर त्याला धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. जिना आला की ‘पायऱ्या आल्या’ एवढं पुरत नाही. ‘वर’ की ‘खाली’ तेही सांगा. वर्गात खुर्चीच्या पाठीवर त्याचा हात टेकवून द्या, बसायचं तो बघेल.

एखादा पर्यवेक्षक कुरकुरतो: वेगळा वर्ग द्यावा लागतो, तासभर जास्त थांबावं लागतं. वाद घालू नका, पण ओशाळूही नका. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ या सोयींची तरतूद २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातच आहे. लेखनिक फक्त अंधांनाच, असंही नाही. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या बाजूनं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली निकाल दिलाय.

वाचताना

प्रश्न सावकाश वाचा, सूचना आणि गुणांसकट. ‘कोणतेही तीन’ हे दोन शब्द गिळलेत तर तो पाचही सोडवत बसेल. भित्तिघड्याळ त्याला दिसत नाही, म्हणून वेळ किती वेळानं सांगायची तेही आधीच ठरवा.

बहुपर्यायी प्रश्नात खरी गोम आहे. बरोबर पर्याय तुम्हाला माहीत असेल तर वाचताना तिथे आवाज आपोआप जरा चढतो. ऐकून ऐकून कान तयार झालेल्या माणसाला तेवढंही पुरतं. म्हणून चारही पर्याय एकाच सुरात वाचा, बसथांब्यांची नावं वाचल्यासारखे.

गणित असेल तर ‘अ अधिक ब भागिले क’ असं म्हणून चालत नाही. क नं एकट्या ब ला भागलंय की दोघांना? ‘अपूर्णांक सुरू, वर अ अधिक ब, खाली क, अपूर्णांक संपला’ असं वाचा. आकृती आणि नकाशाच्या जागी पर्यायी प्रश्न दिलेला आहे का, तेही पान उलटून बघा. तो बहुतेकदा शेवटी छापलेला असतो.

लिहिताना

तो सांगेल ते लिहायचं. सांगायला सोपं, करायला महाकठीण.

मी पहिल्यांदा लेखनिक झाले तेव्हा एफवायला होते, आणि ज्याच्यासाठी लिहीत होते तो दादा टीवायला. विषय राज्यशास्त्र. एका उत्तराचा शेवट मला फार तुटक वाटला, म्हणून मी हळूच एक गोंडस वाक्य जोडून दिलं. थोड्या वेळानं उत्तर परत वाचून दाखवताना तेही वाचलं गेलं. दादा म्हणाला, “हे वाक्य माझं नाही. खोड.” आवाजात राग नव्हता, पण माझे कान तापले. तोवर मला वाटत होतं की मी त्याला मदत केली.

त्याच पेपरात पुढे त्यानं सांगितलं, “१ नोव्हेंबर १९५६ रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झालं.” माझं पेन अडलं. त्या दिवशी झालं ते द्विभाषिक मुंबई राज्य, महाराष्ट्र १ मे १९६० चा. पेन अडल्याचं त्याला लगेच कळलं. “काय झालं?” मी “काही नाही” म्हटलं आणि १९५६ लिहिलं. उत्तर संपल्यावर सगळं परत वाचलं, तो आकडाही बाकीच्या शब्दांच्याच वेगानं. तो मध्येच म्हणाला, “छप्पन? अगं, साठ कर. छप्पनचं द्विभाषिक.”

प्रत्येक उत्तर परत वाचून दाखवा ते याचसाठी. आपण डोळ्यांनी उत्तर तपासतो, तो कानांनी. मात्र चुकीपाशी रेंगाळू नका, खाकरू नका, ‘नक्की?’ असं विचारू नका. आणि त्याला चूक सापडली नाही तर? ती तशीच राहू द्या. गुण त्याचे आहेत, त्यातले दोन जाणं हेसुद्धा त्याचंच.

ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न नेहमी येतो. मी साध्या पेपरात नेहमीसारखं शुद्ध लिहिते, पण भाषेच्या पेपरात, विशेषतः इंग्रजीच्या, स्पेलिंग विचारूनच लिहावं. परिच्छेद कुठे पाडायचा आणि अधोरेखित काय करायचं हेही त्यालाच विचारा. तो विचार करत गप्प झाला की तुम्हीही गप्प बसा. ती दोन मिनिटं लांबच लांब वाटतात. ‘पुढचा घेऊ या का?’ असं सुचवावंसं वाटेल, ते सुचवू नका.

पेपर झाल्यावर

पुरवण्या क्रमानं लावून बांधा, त्यांची संख्या पहिल्या पानावर भरा, बैठक क्रमांक मोठ्यानं वाचून ताडून घ्या. सही त्याची त्यालाच करू द्या, बोट फक्त रेघेपाशी नेऊन टेकवा. फोटो काढून स्टेटसला टाकायचा मोह आवरा. पेपर कसा गेला ते तो सांगेल तेवढंच ऐका, आणि तुम्हाला दिसलेल्या चुका बाहेर कुणाला सांगू नका.

चहा पाजतो म्हणाला तर प्या, नको-नको करू नका. बस मिळेपर्यंत सोबत थांबा. तेवढ्यात पुढचा पेपर कधी आहे ते विचारा. बहुतेकदा तो परवाच असतो, आणि त्याला लेखनिक अजून मिळालेला नसतो.