परदेशात लहान मूल आणि कुत्रा-मांजर: एकट्याने सांभाळता येईल अशी घराची घडी

परदेशातल्या घरात मूल आणि जनावर एकत्र वाढवताना अडचण जनावराची कमी आणि माणसं कमी असण्याची जास्त असते. "दोन मिनिटं याला धर गं" म्हणायला कुणी नसतं. त्यामुळे घराची घडी बसवताना एकच प्रसंग डोळ्यांसमोर ठेवावा. घरात एकच मोठं माणूस आहे, मुलाने लंगोट भरलाय, कुत्रा दाराशी कुंईकुंई करतोय आणि तेवढ्यात बेल वाजते. अशा वेळी मूल आणि जनावर यांना एका हाताने, दहा सेकंदांत वेगळं करता आलं तर घडी जमली.

गेट, दारं आणि उंची

बेबी गेट दोन प्रकारचं मिळतं. एक चौकटीत दाब देऊन बसवायचं, दुसरं स्क्रूने भिंतीत पक्कं करायचं. भाड्याच्या घरात भोक पाडायला घरमालकाची परवानगी लागते, म्हणून बहुतेक जण पहिलंच घेतात. स्वयंपाकघराच्या किंवा खोलीच्या दाराला ते चालतं. जिन्याच्या वरच्या टोकाला मात्र नको. मूल अंग टाकून रेटत राहिलं की ते सरकू शकतं, शिवाय त्याच्या खालच्या आडव्या पट्टीला अडखळून मोठी माणसंही पडतात. जिन्यासाठी परवानगी मागाच, तीही लेखी. जनावर ठेवायची परवानगीही अशीच कागदावर हवी. फोनवरचं "हो, चालेल" घर सोडताना कुणाला आठवत नाही.

गेट घेताना एका हाताने उघडतं का, हे दुकानातच दुसऱ्या हातात पिशवी धरून बघा. घरी त्या हातात मूल असणार आहे.

मांजराला गेटपेक्षा उंची महत्त्वाची. मूल रांगायला लागण्याआधीच प्रत्येक मोठ्या खोलीत मांजराला चढता येईल अशी एक जागा हवी, साधारण दीड मीटर उंचीवर. पळायला वर जागा असली की मांजर नखं काढत नाही, निघून जातं. लिटर बॉक्स (मांजराच्या शी-शूची पेटी) आणि खाण्याची भांडी गेटपलीकडे ठेवा. खाली मांजरासाठी छोटी खिडकी असलेली गेट मिळतात, पण रांगणारं मूल त्यात डोकं घालू शकतं. मांजर तरुण असेल तर साधं गेट घ्या, ते उडी मारून जातं. म्हाताऱ्या, सांधे धरलेल्या मांजराला उडी जमत नाही. त्याला वेगळी खोलीच द्यावी लागते.

बाळाच्या झोपायच्या जागेत कुत्रा-मांजर नको. पाळण्यावर जाळी ताणणं हा उपाय नाही. मांजर जाळीवरच बसतं, जाळी खाली येते.

बाळ येण्याआधी

कुत्र्याला फिरवायच्या आणि खाऊ घालायच्या वेळा बाळंतपणाच्या एक-दोन महिने आधीच बदला. बाळ येतं त्याच दिवशी सगळं बदललं तर कुत्रा त्याचा संबंध बाळाशी जोडतो. बाळाच्या रडण्याचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात लावून सोबत खाऊ द्या, मग हळूहळू आवाज वाढवा. हॉस्पिटलमधून बाळाला गुंडाळलेलं कापड आधी घरी पाठवून हुंगायला देतात, त्याने अपाय काही नाही, पण तेवढ्यावर विसंबू नये. वेळा बदलण्याचा उपयोग त्याहून पुष्कळ जास्त होतो.

हुकूम सगळ्यांनी एकाच भाषेत द्यायचे, हेही आत्ताच ठरवा. घरी मराठी, पाळणाघरात दुसरी भाषा आणि कुत्रा फिरवायला येणारा मुलगा तिसरीच बोलणारा, अशात कुत्र्याची पंचाईत होते. यावर सोपा तोडगा म्हणजे प्रत्येक हुकमाला एक हाताची खूण. बस, थांब, जागेवर जा, सोड. चार खुणा पुरतात आणि त्या बदली माणसाला दोन मिनिटांत शिकवता येतात.

नजर ठेवणं म्हणजे काय

लहान मुलांना चावणारा कुत्रा बहुतेक वेळा ओळखीचा, कितीदा तर घरचाच असतो. जखम बहुधा चेहऱ्यावर किंवा मानेवर होते, कारण मुलाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं. एकाच खोलीत फोन बघत बसणं म्हणजे नजर ठेवणं नव्हे. हात लांबवला की दोघांपैकी एक हाताला लागला पाहिजे. तेवढं लक्ष देता येत नसेल तर गेट लावा, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही.

कुत्रा चावण्याआधी बरंच काही सांगतो. तो मान फिरवतो, जीभ नाकावरून फिरवतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असा कडेने बघतो. त्यानंतर अंग ताठ करतो. शेपूट हलतेय म्हणून तो खूश आहे असं समजू नये. ताठ अंगावर हलणारी शेपूट ताणाची असते. अंग ताठ झालं की मूल उचलून बाजूला व्हायचं. आणि गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला रागवायचं नाही. ओरडून ते बंद करता येतं, पण मग तो पुढच्या वेळी न सांगता चावतो.

दीड-दोन वर्षांच्या मुलाला हे शिकवता येतं: हाताची मूठ उघडी, हात कुत्र्याच्या पाठीवर किंवा छातीच्या बाजूला, तीन सेकंद कुरवाळायचं आणि हात काढून घ्यायचा. कुत्रा पुढे सरकला तर पुन्हा तीन सेकंद. जागचा हलला नाही किंवा वळला तर आजचं संपलं. खाताना, झोपलेला असताना आणि त्याच्या अंथरुणावर असताना त्याला हात लावायचा नाही. मूल हा नियम चार-पाच वर्षांचं होईपर्यंत स्वतःहून पाळेल अशी अपेक्षा धरू नका. तोवर तो मोठ्यांनी पाळून घ्यायचा असतो.

बाहेर पडताना: प्रॅम, लीश आणि लिफ्ट

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि तो क्रम चुकल्यामुळे होतो. निघताना आधी मुलाला प्रॅममध्ये बसवून पट्टे लावा, मग कुत्र्याला हार्नेस (अंगात घालायचा पट्टा) आणि लीश (हातात धरायचा पट्टा). परत आल्यावर उलट: आधी कुत्रा घरात, गेटच्या आड, आणि मग मूल प्रॅममधून बाहेर.

लीश दीड ते दोन मीटरची, साधी, सपाट पट्टीची घ्या. ओढली की लांब होणारी दोरीची लीश प्रॅमसोबत घेऊ नका. दोरी चाकात अडकते, बोटं कापते, आणि प्लास्टिकची मूठ हातातून सुटली की खडखडत मागे येते, तिला घाबरून कुत्रा आणखी पळतो. लीश प्रॅमच्या दांड्याला बांधायची नाही, एक मिनिटासाठीसुद्धा नाही. वीस किलोच्या कुत्र्याने मांजर पाहून घेतलेला एक हिसका प्रॅम आडवी करायला पुरतो. हात मोकळे हवे असतील तर कमरेच्या पट्ट्याला अडकवायची लीश मिळते, पण तीही कुत्रा ओढत नसेल तरच. बाळ छातीशी बांधलेलं असताना ओढणारा कुत्रा कमरेला नको.

कुत्र्याची शी उचलायला वाकण्याआधी प्रॅमचा ब्रेक पायाने दाबा. फूटपाथला रस्त्याकडे उतार असतो, तो उभं असताना जाणवतही नाही. पिशव्यांचं पुडकं लीशला लावा. प्रॅमच्या दांड्यावर जड पिशवी टांगली की मूल उचलताक्षणी प्रॅम मागे कलंडते.

लिफ्टमध्ये लीश गुंडाळून अर्ध्या मीटरवर आणा आणि दार पूर्ण बंद होईपर्यंत हात हार्नेसच्या मुठीवर ठेवा. कुत्रा बाहेर, लीश दारात आणि लिफ्ट सुरू, हा अपघात खरोखर होतो. दाराचा सेन्सर पातळ पट्टी नेहमी ओळखत नाही. प्रॅम, कुत्रा आणि अनोळखी शेजारी एकत्र मावणार नसतील तर पुढच्या लिफ्टने जा.

बर्फाच्या प्रदेशात रस्त्यावर मीठ टाकतात. ते पंजांच्या भेगांत झोंबतं, कुत्रा ते चाटतो आणि त्याला उलट्या होतात. दाराशी कोमट पाण्याचं भांडं आणि फडकं ठेवा. गाडीतलं अँटीफ्रीझ (इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून घालतात ते द्रव) सांडलं असेल तर त्यापासून लांब; त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि किडन्या निकामी करतं. उन्हाळ्यात तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत सुमारे १० अंश सेल्सियसने चढतं, त्यामुळे "पटकन दूध घेऊन येतो" हे मूल आणि कुत्रा दोघांच्याही बाबतीत बाद.

जमिनीवर काय पडतं

मूल उंच खुर्चीतून खाणं टाकतं, कुत्रा खाली वाट बघत असतो. जेवणाच्या वेळी कुत्रा गेटपलीकडे, आणि जमीन झाडून झाल्यावरच आत. मुलांच्या खाऊतले मनुके आणि द्राक्षं कुत्र्याच्या किडनीला घातक असतात. कांदा-लसूण, शिजवलेला असला तरी, तांबड्या पेशी फोडतो. मांजराला तो कुत्र्याहून लवकर बाधतो. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये, काही टूथपेस्टमध्ये आणि काही पीनट बटरमध्ये झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ असतो, त्याने कुत्र्याची रक्तातली साखर अर्ध्या तासातही धाडकन उतरू शकते. परदेशी डब्यावर घटकांची यादी स्थानिक भाषेत असते, तेव्हा E967 हा क्रमांक शोधा. तो झायलिटॉलचाच.

मुलाच्या तापावरचं पॅरासिटामॉल मांजराला देऊ नये. एक गोळीही तिचा जीव घेऊ शकते. लिली फुलांचे गुच्छ घरात आणू नका. मांजराने अंगाला लागलेला परागकण चाटला तरी किडन्या बंद पडतात. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या पिसवांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विषारी आहे. घरात दोन्ही जनावरं असतील तर परमेथ्रिन नसलेलं औषध व्हेटकडून (जनावरांच्या डॉक्टरकडून) मागून घ्या, आणि कुठलंही औषध मूल झोपल्यावर लावा, म्हणजे सकाळपर्यंत केस वाळलेले असतात.

बटण सेल मुलाने गिळला तर अन्ननलिकेत दोन तासांत भाजल्यासारखी जखम होते. आवाज करणाऱ्या खेळण्यांत, कुत्र्याच्याही, हे सेल असतात. झाकण स्क्रूने बंद होत नसेल ते खेळणं घरात नको.

जंत आणि गोचीड

गोल जंतांची अंडी ताज्या शीमध्ये लगेच संसर्ग करत नाहीत, मातीत काही आठवडे मुरल्यावर करतात. म्हणून शी तेव्हाच्या तेव्हा उचलणं आणि वाळूचा खड्डा झाकून ठेवणं एवढ्याने बराच धोका टळतो. पिल्लाला दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर पंधरवड्याला जंतांचं औषध लागतं, दूध सुटल्यावर सहा महिन्यांपर्यंत दरमहा. मोठ्या कुत्र्याला वर्षातून किमान चार वेळा. घरात रांगणारं मूल असेल तर व्हेट बहुधा त्याहून जास्त वेळा सुचवतो. मांजराचा लिटर बॉक्स रोज साफ करा. टोक्सोप्लाझ्मा या मांजराच्या शीतून पसरणाऱ्या, गर्भाला बाधू शकणाऱ्या परजीवीची अंडी संसर्गजोगी व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोजची सफाई महत्त्वाची. गरोदर बाईने शक्यतो हे काम करू नये, करावंच लागलं तर हातमोजे घालून.

जंगलातून किंवा उंच गवतातून आल्यावर मूल आणि कुत्रा दोघांनाही तपासा: मुलाच्या कानामागे, काखेत, जांघेत, कुत्र्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यांत, गळपट्ट्याखाली. गोचीड सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ वर, सावकाश ओढा. पिरगाळू नका, पोट दाबू नका, तेल लावू नका, चटका देऊ नका. चिडलेली गोचीड लाळ जखमेत सोडते. तारीख लिहून ठेवा आणि पुढचा महिनाभर त्या जागी पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसतं का बघा. ते लाइम आजाराचं, म्हणजे गोचिडीतून होणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गाचं लक्षण असतं. हा आजार बहुधा गोचीड २४ तासांहून जास्त चिकटल्यावरच होतो. मध्य आणि उत्तर युरोपात मात्र गोचिडीमुळे मेंदूज्वरही होतो, त्याचा विषाणू काही मिनिटांतच शरीरात जातो. त्यावर माणसांसाठी लस आहे. मुलाच्या डॉक्टरला विचारा.

जनावर चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मांजराचा दात सुईसारखा खोल जातो. भोक बारीक दिसलं तरी आत पू धरतो.

कागद आणि रात्रीचा बेत

जनावराची मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) १५ आकडी आयएसओ प्रकारची हवी आणि ती रेबीजच्या लसीआधी बसवलेली हवी, नाहीतर ती लस युरोपीय संघात धरत नाहीत. पहिल्या लसीनंतर प्रवासासाठी २१ दिवस थांबावं लागतं. बूस्टर एक दिवस जरी उशिरा झाला तरी तो पहिली लस समजून पुन्हा २१ दिवस मोजतात, म्हणून फोनमध्ये आठवण तारखेच्या तीन आठवडे आधीची लावा. ब्रिटन, आयर्लंड, फिनलंड, माल्टा किंवा नॉर्वेला कुत्रा नेणार असाल तर पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या दरम्यान व्हेटकडून फीतकृमीचं औषध देऊन नोंद करून घ्यावी लागते. घर बदललं की चिपच्या नोंदणीतला पत्ता आणि फोन बदला.

रात्री मुलाला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं तर जनावर कुणाकडे, हे आजच ठरवा. चावी दोन शेजाऱ्यांकडे द्या. एकाकडे दिली तर नेमका तोच सुट्टीवर असतो. फ्रिजवर एक कागद लावा, स्थानिक भाषेत, मोठ्या अक्षरात: घराचा पत्ता, मजला, बिल्डिंगच्या दाराचा कोड, मुलाचं वजन आणि ॲलर्जी, विषबाधेच्या हेल्पलाइनचा आणि रात्रीच्या व्हेटचा नंबर, कुत्र्याच्या चार खुणा, दिवसाला किती ग्रॅम खाणं. युरोपीय संघात ॲम्ब्युलन्ससाठी ११२ लागतो. घाबरलेल्या माणसाला परकी भाषा बोलता येत नाही, वाचून दाखवता येते. मुलाचं वजन दर दोन महिन्यांनी खोडून नवं लिहा, कारण तापाच्या औषधाचा डोस त्यावरून ठरतो.