सेबाला जाताना: शेवटच्या 45 किलोमीटरांची तयारी

मुंबई ते ॲमस्टरडॅम आणि तिथून सेंट मार्टेन, इथपर्यंतचा प्रवास कुठलाही ट्रॅव्हल एजंट डोळे मिटून लावून देईल. तिथून सेबा या छोट्या कॅरिबियन बेटापर्यंतचे उरलेले साधारण 45 किलोमीटर मात्र आपले आपल्यालाच लावावे लागतात. ऐनवेळी गडबड होते ती तिथेच. म्हणून या यादीत मोज्यांच्या जोड्या आणि टूथब्रश सापडणार नाहीत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. घरच्यांनी ‘कॅरिबियन’ म्हटल्यावर नारळाची झाडं आणि पांढरी वाळू डोळ्यांसमोर आणली असेल, तर त्यांना आत्ताच सांगून टाका. सेबा म्हणजे समुद्रातून सरळ वर आलेला निद्रिस्त ज्वालामुखी. क्षेत्रफळ 13 चौरस किलोमीटर, वस्ती दोन हजारांच्या आसपास. वेल्स बे इथे वर्षातले काही महिने पुळण येते आणि मग समुद्र ती घेऊन जातो. विमानतळाजवळ कोव्ह बेला माणसांनी केलेला छोटासा किनारा आहे. तेवढंच. तिथे जायचं ते डोंगर चढायला, पाण्याखाली उतरायला किंवा नुसतं शांत बसायला. हे ज्याला पटत नाही त्याने सेंट मार्टेनलाच थांबावं. त्यात कमीपणा काही नाही, पैसेही वाचतील.

पटलं असेल तर पहिलं काम व्हिसाचं. 2010 पासून सेबा ही नेदरलँड्सची खास नगरपालिका आहे, पण ती शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात, मोडत नाही. भारतीय पासपोर्टवर नेदरलँड्सच्या राज्यातल्या कॅरिबियन बेटांसाठीचा वेगळा व्हिसा लागतो. तो सेंट मार्टेनलाही चालतो आणि सेबालाही, त्यामुळे दोनदा धावपळ नाही. शेंगेन किंवा अमेरिकेसारख्या देशांचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा वा तिथलं रेसिडेन्स परमिट असलेल्या काही प्रवाशांना सूट मिळते. ती आपल्याला लागू होते का, हे एजंटच्या तोंडी भरवशावर सोडू नका. नेदरलँड्स सरकारच्या संकेतस्थळावरचं पान स्वतः वाचा आणि छापून पासपोर्टमध्ये ठेवा. मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच्या मुलीने सेबाचं नाव पहिल्यांदाच ऐकलेलं असण्याची शक्यता भरपूर आहे. तिच्यासमोर तो कागद आपली बाजू मांडतो.

अमेरिकेमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तर थांबा. तिथे नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. ‘आम्ही विमानतळाबाहेर पडणारच नाही’ हे कारण चालत नाही. आणि याच सहलीत त्रिनिदाद, गयाना किंवा सुरिनाम जोडायचा मोह झाला तर यलो फीवरची लस किमान दहा दिवस आधी घ्यायला हवी. ते प्रमाणपत्र नसेल तर परत आल्यावर भारतात विलगीकरणात बसवतात, सहा दिवसांपर्यंत. लस ठरावीक केंद्रांवरच मिळते, तेव्हा तारीख आधी मागून ठेवा.

आता तिकिटांचा क्रम. बहुतेक जण मोठ्या विमानाचं तिकीट आधी काढतात आणि छोट्याचं नंतर बघू म्हणतात. इथे उलटं करा. सेबाला जाणारी विमानं दिवसाउजेडीच उतरतात आणि फेरी रोज सुटतेच असं नाही. आधी त्या दोन वेळापत्रकांवर बोट ठेवा, मग मागे सरकत ॲमस्टरडॅमचं तिकीट ठरवा. युरोपातलं विमान दुपारी उशिरा उतरलं की त्या दिवशी सेबा गाठणं कठीण, म्हणून सेंट मार्टेनला एक मुक्काम धरूनच चाला. त्या बेटाचा उत्तर भाग फ्रेंच आणि दक्षिण भाग डच आहे. मधे चौकी-बिवकी काही नाही, पण व्हिसाचे नियम वेगळे. हॉटेल डच भागातच घ्या, सिम्प्सन बे किंवा फिलिप्सबर्ग. प्रिन्सेस ज्युलियाना विमानतळही त्याच बाजूला आहे. परतीला तर मधे पूर्ण एक दिवस मोकळा हवाच. सकाळचं सेबाचं विमान आणि संध्याकाळचं युरोपचं, असा हिशेब कागदावर फार सुंदर दिसतो. वारा आडवा सुटला की तो कागद फाडून टाकायचा.

विमानाने जायचं की बोटीने? सेबाची धावपट्टी 400 मीटरची आहे. एका बाजूला डोंगर, दोन्ही टोकांना खाली समुद्र. जेट विमानांना तिथे मज्जाव आहे. चालतं ते ट्विन ऑटर, दोन पंख्यांचं, 19 आसनांच्या आसपासचं. उड्डाण पंधरा मिनिटांचंही नाही. रेमी द हानेन या सेंट बार्ट्सच्या वैमानिकाने 1959 साली दगडगोटे बाजूला करून सपाट केलेल्या जागेवर इथे पहिल्यांदा विमान उतरवलं. रीतसर विमानतळ झाला तो 1963 साली. उतरताना कडा खिडकीजवळ येतो, मग एकदम जमीन, मग पंख्यांचा आवाज उलटा फिरतो आणि विमान थांबलेलं असतं. घाबरणाऱ्यांनी खिडकी सोडून आतली जागा घ्यावी असं सुचवतात. माझं मत उलटं, न बघता बसलं की जास्त भीती वाटते.

या विमानाची खरी तयारी म्हणजे वजन. छोट्या विमानात प्रत्येक किलोचा हिशेब लागतो. बॅग तर मोजतातच, आपल्यालाही वजन विचारलं किंवा काट्यावर उभं केलं तर रागावू नका. डोक्यावर सामान ठेवायचे कप्पे नसतात, त्यामुळे चाकांची कडक केबिन बॅगही पोटात जाते. मोठ्या विमान कंपनीने दिलेली 23 किलोची मुभा इथे आपोआप लागू होत नाही. सेबाच्या तिकिटावर काय लिहिलंय तेच खरं. मऊ कापडी बॅग घ्या. विमान भरलेलं असेल तर एखादी बॅग पुढच्या फेरीने येऊ शकते, म्हणून औषधं, चष्मा, चार्जर, एक जोडी कपडे आणि कागदपत्रं खांद्यावरच्या पिशवीत. मुंबईत बॅगेला टॅग लावताना तो सेबापर्यंतचा आहे की सेंट मार्टेनपर्यंतचाच, हे वाचून बघा. दोन तिकिटं वेगळी काढली असतील तर सेंट मार्टेनलाच बॅग घ्यावी लागेल असं धरून चाला.

फेरी स्वस्त पडते असं नाही, पण सामानाची मुभा सैल असते आणि विमान रद्द झालं की तीच आधाराला येते. सव्वा ते दीड तास लागतो. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच डोळ्यांसमोर ठेवून बसाल तर फसाल. इथे खुल्या समुद्रातून जायचंय, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी व्यापारी वारे जोरात असतात. ज्यांना बोट लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आदल्या दिवशीच पाकिटात ठेवावी आणि सुटायच्या आधी घ्यावी, पोटात ढवळायला लागल्यावर नाही. मागच्या बाजूला, मध्यभागी बसा. निघताना कोरडं काहीतरी खा. उपाशी पोटी जास्त त्रास होतो. बोट फोर्ट बेला लागते. सेंट मार्टेन हा नेदरलँड्सच्या राज्याअंतर्गत वेगळा देश असल्याने पासपोर्ट तिथेही दाखवायचा आणि इथेही, तेव्हा तो बॅगेच्या तळाशी पुरून ठेवू नका. सेंट मार्टेनचा प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म घरून निघण्याआधी भरून ठेवा.

हंगाम बघायचा तर 1 जून ते 30 नोव्हेंबर हा वादळांचा अधिकृत काळ, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर नको. 6 सप्टेंबर 2017 ला ‘इर्मा’ने सेंट मार्टेन अक्षरशः मोडलं, विमानतळासकट. सेबा स्वतः शाबूत राहिली तरी तिची वाट सेंट मार्टेनवरूनच जाते. प्रवासविमा घेताना वादळामुळे रद्द झालेला प्रवास आणि आजारपणात हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च या दोन ओळी शोधा. द बॉटम या गावात दवाखाना आहे, पण गंभीर रुग्णाला सेंट मार्टेनला न्यावं लागतं, आणि ते बिल आपल्या खिशाला झेपणारं नसतं.

कपड्यांत पोहण्याच्या पोशाखापेक्षा बूट महत्त्वाचे. माउंट सीनरी 880 मीटरच्या आसपास, नेदरलँड्सच्या राज्यातलं सर्वांत उंच ठिकाण. विंडवर्डसाइड गावाजवळून 1,064 पायऱ्या चढून जायचं. खालचं ऊन वर गेल्यावर ढगात बुडतं; पायऱ्यांवर शेवाळ, दोन्ही बाजूंना नेचे, माउंटन महोगनीच्या फांद्यांवर दाढीसारखं लोंबणारं ओलं शेवाळ. राजगड-तोरणा पावसाळ्यात केलेल्यांना चढाई जड जाणार नाही, पण उतरताना तेवढीच काळजी घ्यावी लागते. तळव्याला पकड असलेले, आधी वापरून रुळलेले बूट, हलकं जर्किन, आणि रात्रीसाठी एक पातळ स्वेटर. हो, कॅरिबियनमध्ये स्वेटर. विंडवर्डसाइड बऱ्याच उंचीवर आहे. वाटेत साप दिसला तर तो बिनविषारी.

डायव्हिंग करणाऱ्यांनी दिवसांची मांडणी आधी करावी. इथला सागरी राखीव भाग 1987 पासूनचा आहे आणि पाण्याखालचे सुळके बघायला लोक जगभरातून येतात. एकाहून जास्त डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान 18 तास जाऊ द्यायचे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. विसरतात ते डोंगराचं. हा नियम 600 मीटरपेक्षा वर जाण्यालाही धरला जातो, म्हणजे सकाळी डाइव्ह आणि दुपारी माउंट सीनरी हा बेत बाद. डोंगर आधी, पाणी मग, आणि शेवटचा दिवस कोरडा. प्रमाणपत्राचं कार्ड आणि डॉक्टरांचा फॉर्म बरोबर ठेवा.

पैसे डॉलरमध्येच, 2011 पासून सेबावर अमेरिकन डॉलर हेच चलन आहे. सुटे डॉलर जास्त घ्या, टॅक्सीला आणि बंदर-विमानतळावरच्या किरकोळ शुल्कांना लागतात. भारतीय कार्डावर परदेशातले व्यवहार सुरू करून ठेवा. वीज 110 व्होल्टची आणि प्लग अमेरिकन चपट्या पट्ट्यांचा. फोनचा चार्जर चालतो, घरची पाणी तापवायची कॉइल चालत नाही. सार्वजनिक बस नाही. रस्ता मात्र एकच आणि बघण्यासारखा. डच इंजिनिअरांनी अशक्य म्हटल्यावर जोसेफस लॅम्बर्ट हॅसल या गावकऱ्याने पत्राद्वारे रस्तेबांधणी शिकून 1938 मध्ये तो बांधायला घेतला. पहिली गाडी बेटावर आली 1947 साली. त्याआधी सामान, लाकडं, माणसं सगळं लॅडर बेच्या दगडी पायऱ्यांवरून वर जायचं. पहिल्या दिवशी मुक्कामाच्या मालकाला सांगून टॅक्सी ठरवून ठेवा, वळणं तोंडात बोट घालायला लावणारी आहेत.

खाण्याचं शाकाहाऱ्यांनी थोडं बघावं. बेटावर भाजीपाला आणि वाणसामान बोटीने येतं. बोट चुकली की दुकानातल्या फळ्या रिकाम्या. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पोहे असं कोरडं, हलकं सामान बंद पाकिटात घ्या. ताजी फळं, बिया, कढीपत्ता घरीच ठेवा, वाटेत कुठेतरी अडवतील. तेलाचं लोणचं नेऊच नका. अगदीच तलफ आली तर फिलिप्सबर्गच्या फ्रंट स्ट्रीटवर सिंधी व्यापाऱ्यांची दागिन्यांची आणि इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत. भारतीय जेवण कुठे मिळेल हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही. पाणी बहुतेक घरांत छतावरून टाकीत साठवलेलं पावसाचं असतं. नळ उघडा ठेवून दात घासायची सवय इथे चालणार नाही.

येताना लोक सेबा लेस आणि सेबा स्पाइस ही मसालेदार रम घेऊन येतात. लेसला वजन नाही. बाटली मात्र चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. आणि अमेरिकेमार्गे परतत असाल तर पहिल्या विमानतळावर बॅग हातात घेऊन पुन्हा द्यावी लागते. ड्यूटी-फ्रीमध्ये घेतलेली दुसरी बाटली त्याच वेळी आत टाका, नाहीतर पुढच्या सुरक्षा तपासणीत तिथेच सोडावी लागेल.