लेखन शिकवताना या चुका टाळा

फळ्यावर विषय लिहायचा, एका तासात निबंध लिहून घ्यायचा, वह्या गोळा करायच्या आणि आठवड्याने लाल खुणांनी भरून परत द्यायच्या. मुलं गुण बघतात आणि वही मिटतात. पुढच्या निबंधात त्याच चुका पुन्हा दिसल्या की आपण म्हणतो, मुलं लक्षच देत नाहीत. पण आपली सूचना मुलांपर्यंत पोचते तेव्हा लिखाण संपलेलं असतं. त्या सूचनेचं त्यांनी करायचं काय?

पत्रकारितेतून अध्यापनाकडे आलेले डोनाल्ड मरे यांनी १९७२ मध्ये हेच सांगितलं होतं: शिकवायचं ते लिहिण्याच्या प्रक्रियेत, तयार निबंधात नाही. ते स्वतः संपादकीय लेखनासाठी पुलित्झर हा अमेरिकी पत्रकारिता पुरस्कार मिळवलेले लेखक होते, त्यामुळे छापून येण्याआधी मजकुरावर किती काम होतं हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून पहिला बदल अगदी साधा आहे. पहिल्या खर्ड्याला गुण देऊ नका. त्यावर फक्त वाचक म्हणून एक-दोन शेरे लिहा: ‘इथे मला पुढे काय झालं ते कळलं नाही’, ‘ही गोष्ट अजून सांग’. त्यानंतर तोच मजकूर मुलांकडून पुन्हा लिहून घ्या.

टप्प्यांची कवायत

प्रक्रिया शिकवायची म्हटल्यावर दुसरं टोक गाठलं जातं. सोमवारी मुद्दे, मंगळवारी खर्डा, बुधवारी दुरुस्ती, गुरुवारी पक्की प्रत. हे बिनसल्याची खूण ओळखायला सोपी आहे: मुलं आधी निबंध लिहून टाकतात आणि मग दाखवायला म्हणून मुद्दे काढतात. लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज या संशोधकांनी लिहिणाऱ्यांना लिहितानाच मोठ्याने विचार करायला सांगितलं होतं. त्यातून १९८१ मध्ये त्यांनी मांडलं की योजना, लेखन आणि तपासणी एकामागून एक येत नाहीत, त्या एकमेकींत सतत ये-जा करतात. तेव्हा खर्डा लिहिताना कुणाचे मुद्दे बदलले तर ते शुभलक्षण समजा. आराखडा मोडायची मोकळीक मुलांना स्पष्ट शब्दांत द्या.

‘पुन्हा लिही’ म्हणजे ‘नीट अक्षरात उतरव’

सगळ्यात खोल रुजलेली चूक ही. लेखन-संशोधक नॅन्सी सोमर्स यांच्या १९८० च्या अभ्यासात विद्यार्थी आणि अनुभवी लेखक यांच्यातला फरक इथेच दिसला. विद्यार्थी पुनर्लेखनात शब्द बदलत होते. अनुभवी लेखक आपल्याला नेमकं म्हणायचं काय आहे आणि ते वाचकापर्यंत पोचतंय का, हे नव्याने शोधत होते.

मुलाला नुसतं ‘सुधारून आण’ म्हटलं तर तो शुद्धलेखन सुधारतो, कारण दुसरं काय सुधारता येतं हे त्याने पाहिलेलंच नसतं. त्याला करायला ठोस काम द्या. प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात एका ओळीत लिही: हा परिच्छेद काय सांगतो? दोन परिच्छेदांपुढे एकच ओळ आली तर एक परिच्छेद काढून टाक. पहिला परिच्छेद झाकून वाच. काही अडलं नाही तर तो फक्त लिहायला सुरुवात व्हावी म्हणून होता, त्याला रजा द्यायला हरकत नाही. (‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ने सुरू होणारे निबंध या कसोटीवर हमखास पडतात.) आणि खर्डा एक ओळ सोडूनच लिहून घ्या. जागा नसली तर मुलं काही घालतच नाहीत.

एक उदाहरण. ‘माझी आजी खूप प्रेमळ आहे. ती सर्वांची काळजी घेते.’ इथे ‘प्रेमळ’ऐवजी ‘मायाळू’ आला तर काहीच घडलं नाही. ‘ती काय करते म्हणून तुला तसं वाटतं?’ असं विचारल्यावर उत्तर येतं: ‘मला यायला उशीर झाला की आजी काही बोलत नाही. पण जिन्यातला दिवा चालू असतो.’ हे खरं पुनर्लेखन. वर्गात एकदा आपणच फळ्यावर एक परिच्छेद लिहावा आणि मुलांसमोर खोडावा. शिक्षकाला खोडताना पाहिलं की खाडाखोडीची लाज बरीच कमी होते.

आधी व्याकरण पक्कं, मग लेखन

स्टीव्ह ग्रॅहॅम आणि डोलोरेस पेरिन या संशोधकांनी चौथी ते बारावीच्या वर्गांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. त्यांच्या २००७ च्या अहवालात लेखनाची तंत्रं टप्प्याटप्प्याने शिकवण्याचा परिणाम सर्वाधिक दिसला, तर सुटं व्याकरण शिकवण्याचा परिणाम उलट दिशेने गेला. वाक्यं जोडण्याचा सराव मात्र उपयोगी ठरला. ‘पाऊस थांबला. रस्ते ओले होते. मुलं बाहेर पडली.’ यांचं एक वाक्य करा. कुणी लिहील, ‘पाऊस थांबताच मुलं ओल्या रस्त्यांवर आली.’ कुणी लिहील, ‘रस्ते ओलेच होते, तरी पाऊस थांबल्यावर मुलं बाहेर पडली.’ दोन्हींत भर कशावर पडतो, याची चर्चा पाठ केलेल्या वाक्यप्रकारांपेक्षा जास्त शिकवते.

शुद्धलेखन सोडायचं नाही, शेवटी ठेवायचं. आणि सगळ्या चुकांभोवती गोल न करता एका वेळी एकच सवय धरा: ‘आणी’, किंवा ‘मुलांना’वरचा विसरलेला अनुस्वार.

चांगलं म्हणजे काय, हे न दाखवणं

‘ओघवतं लिही’, ‘प्रभावी मांड’ या शेऱ्यांवर मुलाला काहीच करता येत नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात शिक्षकांनी लेखन तपासण्यासाठी सहा वैशिष्ट्यं वेगळी केली: कल्पना, मांडणी, लेखकाचा आवाज (त्याची स्वतःची बोलण्याची ढब), शब्दनिवड, वाक्यांचा ओघ आणि लेखनसंकेत (शुद्धलेखन, विरामचिन्हं). यादी उपयोगाची आहे, पण सहाही रकाने एकाच निबंधावर लादले की ती गुणपत्रिका होते. एका वेळी एकच वैशिष्ट्य घ्या. दोन निनावी नमुने शेजारी ठेवा आणि कोणता जास्त पटतो, कोणत्या ओळीमुळे, हे मुलांनाच ठरवू द्या. सुविचार आणि काव्यपंक्ती पेरल्या की भाषा चांगली होते हा समजही तिथेच गळतो.

अडलं तर

‘सुचत नाही’ म्हणणारी सगळी मुलं एकाच कारणाने अडलेली नसतात. जो पहिलंच वाक्य पाच वेळा खोडतो त्याला चुकायची भीती असते. त्याला पाच मिनिटं पेन न उचलता, न खोडता लिहू द्या. जो नुसताच बसून राहतो त्याच्याकडे बहुधा विषयाची माहितीच नसते. त्याला वाचायला द्या, बोलतं करा किंवा विषय बदला.

मुलं एकमेकांचं लिखाण वाचून ‘छान आहे’ एवढंच म्हणत असतील तर प्रश्न ठरवून द्या: कुठे थांबून पुन्हा वाचावं लागलं? अजून काय जाणून घ्यायचंय?

मोठ्या वर्गात एवढा वेळ कुठून आणायचा? निबंधांची संख्या कमी करून. दर आठवड्याला नवा विषय देण्यापेक्षा एका सत्रात दोनच लेखनं शेवटपर्यंत न्या, आणि खर्डे आळीपाळीने वाचा: या खेपेला अर्धा वर्ग, पुढच्या खेपेला उरलेला. परीक्षेच्या वेळेत खर्डा होणार नाही. तिथे सुरुवातीची काही मिनिटं मुद्द्यांना आणि शेवटची वाचून बघायला, एवढाच सराव वेगळा करून घ्या.